घरात सगळ्यात हट्टी कोण? नव्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या शेजारी राहणारे काका परवा संध्याकाळी दुकानातलं कोटेशन घेऊन आले. कोटेशन म्हणजे वहीचं फाडलेलं पान. कॅबिनेट, बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, मॉनिटर, प्रत्येकापुढे आकडा. आणि तळाला, पेन दाबून लिहिलेली शेवटची ओळ: 'विंडोज + ऑफिस + अँटीव्हायरस = ५००'.

"सगळं पाचशेत बसवून देतोय म्हणाला. बरंच आहे की रं."

"काका, वरचं सगळं ठीक आहे. घोळ या खालच्या ओळीत आहे," मी म्हणालो. मग चहा झाला, आणि चहाचे दोन तास झाले. त्या दोन तासांत जे बोलणं झालं तेच इथं जरा सावकाशीनं लिहितोय, कारण दिवाळी झाली की हेच प्रश्न घेऊन गल्लीतले निम्मे लोक येतात.

आधी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते. सांगलीच्या माणसाला हे मार्केट यार्डावरून पटकन कळतं. हळदीच्या हंगामात यार्डात गाड्यांची रांग लागते. गोदामं मोजकी, काटे मोजके, हमाल मोजके. ज्यानं त्यानं आपली गाडी थेट गोदामाला लावली तर दुपारपर्यंत मारामाऱ्या होतील. म्हणून मध्ये बाजार समिती असते: कुठली गाडी कुठं, काटा आधी कुणाला, कुणाच्या पोत्याला कुणी हात लावायचा नाही. संगणकात प्रोसेसर म्हणजे काटा, डिस्क म्हणजे गोदाम, आणि रॅम म्हणजे सौद्यासाठी माल मांडायचं पटांगण. टॅली, क्रोम, व्हिडिओ, गेम हे सगळे गाड्या घेऊन आलेले. त्यांना शिस्तीत चालवणारी समिती ती ऑपरेटिंग सिस्टीम.

आता हमालांच्या प्रत्येक टोळीचा एक मुकादम असतो. काम सांगायचं ते मुकादमाला, टोळी त्याचंच ऐकते. प्रिंटर, स्कॅनर, वायफाय यांचेही असे मुकादम असतात, त्यांना ड्रायव्हर म्हणतात. मुकादम हजर नसला की टोळी बसून राहते, प्रिंटर नवा कोरा का असेना. आणि एका यार्डाचा मुकादम दुसऱ्या यार्डात चालत नाही. विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सला उपयोगाचा नाही. प्रोग्रॅमचंही तेच: विंडोजसाठी बनवलेला प्रोग्रॅम मॅकवर किंवा लिनक्सवर आपला आपण चालत नाही, त्याची वेगळी आवृत्ती लागते. ती कंपनीनं काढली असेल तर ठीक, नसेल तर जुगाड.

म्हणूनच "कुठली सिस्टीम चांगली?" या प्रश्नाला उत्तर नाही. मी उलटा प्रश्न विचारतो: तुमच्या घरातली सगळ्यात हट्टी वस्तू कोणती? जी फक्त एकाच सिस्टीमवर चालते आणि जिच्यावाचून तुमचं चालत नाही, ती. बाकी सगळं तिच्याभोवती बसवायचं.

काकांच्या घरचं बघू. काका स्वतः कीर्तनं ऐकतात, पेपर वाचतात, बँकेचं बघतात, तासगावकडच्या जमिनीचा सातबारा काढतात. यातलं एकूण एक काम ब्राउझरमध्ये होतं. ब्राउझर सगळीकडे सारखाच. म्हणजे काका अजिबात हट्टी नाहीत (काकू वेगळं सांगतील). नात अकरावीला आहे, तिला प्रोजेक्ट लिहायचेत, थोडं पायथन (प्रोग्रॅम लिहायची भाषा) शिकायचंय. तेही कुठंही जमतं. राहिली सूनबाई. ती घरी बसून दोन-तीन बेदाणा व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते, टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर. टॅलीची आताची आवृत्ती, टॅलीप्राइम, विंडोजसाठी आहे. लिनक्सवर ते ओढूनताणून चालवणारे लोक आहेत, पण मार्चअखेरीला रात्री अकरा वाजता एंट्री अडली की त्या लोकांचा फोन लागत नाही.

शिवाय डिजिटल सहीचं पेनड्राइव्हसारखं टोकन. साध्या मालकीच्या धंद्याचं जीएसटी रिटर्न मोबाइलवरच्या ओटीपीनं भरता येतं, पण कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर ही डिजिटल सही लागतेच. टोकनाचा ड्रायव्हर आणि सही करायचं छोटं सॉफ्टवेअर विंडोजवर बिनबोभाट बसतं. इतरत्र बसतं कधी, कधी नाही.

तेव्हा त्या घराचा निकाल पाच मिनिटांत लागला: विंडोज. पण कोणतं विंडोज, कसं घेतलेलं, यात उरलेला वेळ गेला.

पाचशेचं विंडोज

विंडोज ११ होमचं नवं लायसन्स सुटं घ्यायला गेलं तर दहा हजारांच्या घरात जातं. तयार लॅपटॉपमध्ये किंवा ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये ते किमतीत धरलेलं असतं आणि त्याच मशीनच्या बोर्डाला बांधलेलं असतं. मग पाचशेत काय येतं? चोरीची प्रत, आणि ती खरी भासवणारा एक छोटा प्रोग्रॅम, ज्याला सगळे 'क्रॅक' म्हणतात.

हा क्रॅक चालवताना दुकानातला पोरगा पहिली गोष्ट काय करतो ते एकदा नीट बघा. अँटीव्हायरस बंद करतो. करावाच लागतो, नाहीतर तो क्रॅकला पकडतो. म्हणजे घराला कुलूप बसवायला आलेला माणूस आधी कुत्र्याला बांधायला सांगतोय. तो प्रोग्रॅम कुणी लिहिला, आत आणखी काय आहे, हे त्या पोरालाही ठाऊक नसतं. त्याच संगणकावर काका बँकेचा पासवर्ड टाकणार आणि सूनबाई दुसऱ्यांचे हिशेब ठेवणार. कायद्याचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी प्रत जाणूनबुजून वापरण्यासाठी वेगळं कलम आहे, ६३-ब. घरगुती वापरासाठी न्यायालय सौम्य होऊ शकतं, पण पैसे घेऊन हिशेब लिहिणं घरगुती वापरात बसवणं अवघड आहे.

"मग सगळेच वापरतेत की," काका म्हणाले. खरं आहे. सगळे वापरतात. गल्लीतले मी दुरुस्त केलेले संगणक मोजले तर क्रॅकवाले जास्त भरतील. पण काकांना मी एवढंच म्हटलं, की मॉनिटर बावीस इंचीऐवजी एकोणीस इंची घ्या, वाचलेले पैसे लायसन्सकडे वळवा. ते त्यांना फारसं आवडलं नाही. कीर्तन मोठ्या पडद्यावर बघायचं होतं.

दुसरा मुद्दा आवृत्तीचा. विंडोज १० चं नेहमीचं आयुष्य १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. संपलं म्हणजे संगणक बंद पडत नाही, चालू राहतो, पण सुरक्षेची ठिगळं येणं थांबतं. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ती मिळवायची सोय मायक्रोसॉफ्टनं ठेवली, पण नव्या संगणकासाठी तो रस्ता नाही. नवा घ्यायचा तर विंडोज ११ च. ते २०२१ मध्ये आलं तेव्हा त्यासोबत अटी आल्या: कमीत कमी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, बोर्डावर टीपीएम २.० नावाची छोटी तिजोरी, आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर.

ही अट कुणाला नडते? जुना माल घेणाऱ्याला. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून निघालेले डेस्कटॉप आपल्याकडे स्वस्तात येतात, दिसायला चकचकीत, आणि विकणारा सांगतो "आय-फाइव्ह आहे साहेब". आय-फाइव्ह कधीचा? डॅशनंतरचा आकडा वाचा. आय५-६५०० म्हणजे सहावी पिढी. आय५-८५०० म्हणजे आठवी. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ ची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. सहाव्या-सातव्या पिढीवर आडमार्गानं ११ घातलेलं पाहिलंय मी, चालतंही, पण पुढचं मोठं अपडेट बसेल याची हमी कुणी देत नाही. तसलं मशीन घ्यायचं असेल तर लिनक्स घालायचं ठरवूनच घ्या.

आणि हो, कुठलीही सिस्टीम घ्या, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) असलेलंच मशीन घ्या. रॅम ८ जीबी, जमलं तर १६. किमान अटीत ४ लिहिलंय ते लग्नपत्रिकेवरच्या वेळेसारखं समजा.

अठ्ठेचाळीस आकडे

विंडोज ११ बद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, आणि सांगलीत तर ती सांगायलाच हवी.

२०१९ च्या पुरानंतर पाणी ओसरलं तसे लोक पिशव्यांतून डिस्क घेऊन येऊ लागले. कॅबिनेट चिखलानं भरलेलं, बोर्ड गेलेला. बऱ्याच डिस्कही गेल्या होत्या. पण चार-दोन वाचल्या. धुवून-पुसून, वाळवून, दुसऱ्या मशीनला जोडल्या आणि फोल्डर दिसले. एका हळद व्यापाऱ्याचे सहा वर्षांचे हिशेब तसे परत मिळाले, त्यानं त्या दिवशी सगळ्या गल्लीला भडंग वाटलं.

आज तसं होईलच असं नाही. विंडोज ११ च्या २०२४ च्या उत्तरार्धातल्या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून नव्यानं बसवलेल्या बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. किल्ली असते बोर्डावरच्या त्या टीपीएम तिजोरीत. रोज वापरताना काहीच जाणवत नाही. बोर्ड जळाला, डिस्क दुसरीकडे लावली, की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. पण ते खातं कुणाच्या ईमेलनं उघडलं होतं? अनेकदा दुकानातल्या पोराच्या. किंवा जागच्या जागी बनवलेल्या एखाद्या, ज्याचा पासवर्ड तोही विसरलाय. अशी एक डिस्क गेल्या वर्षी माझ्याकडे आली होती. लग्नाचे फोटो होते. मी ती तशीच परत दिली.

लॅपटॉप चोरीला गेला तर हेच कुलूप तुम्हाला वाचवतं, त्यामुळे मी त्याच्या विरोधात नाही. फक्त खातं स्वतःच्या ईमेलनं, स्वतःच्या समोर उघडा आणि ते आकडे कागदावर उतरवून घ्या.

लिनक्स, घाबरायचं नसेल तर

१९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या मुलानं हौस म्हणून सिस्टीमचा गाभा लिहायला घेतला आणि सगळ्यांना फुकट वाचायला, बदलायला दिला. तो गाभा म्हणजे लिनक्स. तुमचा अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर उभा आहे, तेव्हा "आम्ही कधी वापरलं नाही" म्हणणारे रोज वापरतात. गाभ्याभोवती वेगवेगळ्या मंडळींनी वेगवेगळे संसार मांडले: डेबियन, त्यावर उभारलेलं उबुंटू, उबुंटूवर उभारलेलं मिंट. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेनं डेबियनवरून बॉस नावाची भारतीय आवृत्ती काढली. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं तर वर्षानुवर्षं लिनक्सवरच संगणक शिकतात. आपल्याकडे एमएस-सीआयटीनं सगळ्यांचा हात विंडोजवर बसवला, एवढाच फरक.

घरासाठी मी मिंट सुचवतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, विंडोज ७ वापरलेला माणूस दहा मिनिटांत रुळतो. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. २ जीबी रॅमवर सुरू होतं, ४ वर बरं चालतं. पैसे शून्य, क्रॅक शून्य. पत्र, तक्ते यांसाठी लिबरऑफिस सोबतच येतं. वर्डची साधी फाइल त्यात नीट उघडते, रंगीबेरंगी चौकटींची फाइल मात्र थोडी इकडेतिकडे सरकते.

यातली सगळ्यात चांगली सोय म्हणजे काही न पुसता बघता येतं. मिंटची फाइल उतरवायची, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर खास पद्धतीनं लिहायची (रुफस नावाचा छोटा प्रोग्रॅम हे करतो), आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. डिस्कला हात लागत नाही. तासभर वापरा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, आणि मुख्य म्हणजे प्रिंटर. इथंच मुकादम आडवा येतो. आमच्याकडे घराघरांत असलेला जुना छोटा लेसर प्रिंटर लिनक्सवर चालवायला मी एक आख्खा रविवार घालवला होता. पहिलं पान निघालं ते सोमवारी, तेही कोरं. नवे वायफाय प्रिंटर बहुधा ड्रायव्हर न मागता चालतात. पेनड्राइव्ह काढला की जुनं विंडोज होतं तसं समोर.

ज्या घरात टॅली नाही, खास परीक्षांचं विंडोजवालं सॉफ्टवेअर नाही आणि पोरांचे मोठे ऑनलाइन गेम नाहीत, तिथं मिंट निर्धास्त. गेमचं काय असतं, बरेच आता लिनक्सवर पळतात, पण फसवणूक पकडणारी यंत्रणा गाभ्यात शिरवणारे व्हॅलोरंटसारखे गेम पळत नाहीत. पोरांना आधी विचारा. नंतर घरातली शांतता परत आणणं कुठल्याच सिस्टीमला जमत नाही.

मराठी टायपिंगचा गुंता

हे जरा सविस्तर, कारण माझी पंचवीस वर्षं याच्यात गेली. जुन्या डीटीपीवाल्यांचा संसार श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांवर चालला. त्या जुन्या फाँटांत 'क' हा खरा 'क' नसतोच. फाइलीत इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्ह साठवलेलं असतं, फाँट त्याच्यावर मराठी मुखवटा चढवतो. फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की मुखवटा गळतो आणि कचरा दिसतो. तुमच्याकडे अशा जुन्या फायलींचा ढीग असेल, पत्रिका, स्मरणिका, संस्थेचे अहवाल, तर तुमची हट्टी वस्तू तीच. विंडोज ठेवा.

नव्यानं सुरुवात करणाऱ्याला हा त्रास नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, तो विंडोज, मॅक, लिनक्स, फोन, सगळीकडे तोच. इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली अक्षरांची मांडणी, विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींत आधीच दिलेला असतो, विकत काही घ्यायचं नाही, सेटिंगमध्ये भाषा मराठी जोडली की झालं.

नवं मशीन तपासताना मी एक शब्द टाइप करून बघतो: दऱ्या. डोंगरातल्या. इनस्क्रिप्टमध्ये द, मग शिफ्ट धरून र, त्यानं नुक्त्याचा ऱ येतो, मग हलन्त, मग य, मग काना. पडद्यावर चंद्रकोरीसारखा अर्धा र दिसला तर मशीन मराठी आहे. साधा र घेतलात तर 'दर्या' होतो आणि तुम्ही डोंगरातून थेट समुद्रात. ही चाचणी तिन्ही सिस्टीम पास होतात. नापास होतात ते काही जुने फाँट आणि काही माणसं.

मॅक आणि क्रोमबुक

थोडक्यातच सांगतो. मॅकओएस फक्त अ‍ॅपलच्याच यंत्रावर अधिकृतपणे चालते. २०२० पासून अ‍ॅपलनं स्वतःचे प्रोसेसर आणले, ती यंत्रं थंड आणि झपाट्याची आहेत, व्हिडिओ आणि संगीत करणाऱ्याला उत्तम. स्वस्तातली वाट म्हणजे मॅक मिनी, तरी ती २०२४ मध्ये ५९,९०० रुपयांना आली, मॉनिटर-कीबोर्ड सोडून. या यंत्रांवर पूर्वीसारखं शेजारी विंडोज बसवता येत नाही. आणि कुणी जुनं इंटेलवालं मॅक स्वस्तात देत असेल तर नको म्हणा: मॅकओएसची २०२५ ची टाहो ही इंटेलसाठी शेवटची आवृत्ती आहे. आणखी एक, बिघडलं तर नेणार कुठं, हे सांगलीत बसून आधी विचारून ठेवा.

क्रोमबुक म्हणजे गुगलच्या सिस्टीमवर चालणारा लॅपटॉप, त्यात ब्राउझर हाच संसार. फक्त काका राहत असते तर त्यांना तेच घ्या म्हटलं असतं. गुगल दहा वर्षं अपडेट देते, पण ती वर्षं मॉडेलच्या घराण्याच्या जन्मापासून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. घेण्याआधी त्या मॉडेलची शेवटची तारीख बघावी.

शेवटी काकांनी बावीस इंचीच मॉनिटर घेतला. लायसन्सचं खरं विंडोज ११ घातलं, त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला, आणि ते मला पटलं, टॅलीला फार ताकद लागत नाही. जुना संगणक भंगारात जाणार होता. सातव्या पिढीचा होता, त्यात एसएसडी टाकून मिंट घातलं. तो आता नातीच्या खोलीत आहे आणि तिचं पायथन त्याच्यावरच चाललंय.

नव्या संगणकाचं खातं सूनबाईनं स्वतःच्या ईमेलनं उघडलं. ४८ आकडे काकांनी स्वतः उतरवून घेतले, सहा-सहाचे आठ गट करून, शाईच्या पेनानं, आणि मला दोनदा वाचून दाखवायला लावले. कागद रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवला. ती पिशवी २०१९ ला सगळ्यात आधी माळ्यावर गेली होती.